ईजीआर सेन्सर मागवण्याआधी: ट्रकवरची तपासणी, क्रमाने

स्कॅनरवर ‘ईजीआर’ दिसलं की सेन्सर मागवायचा, आणि नवा बसवूनही दोन दिवसांत तोच लाइट पुन्हा लागला की ‘ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला’ म्हणून मोकळं व्हायचं. गॅरेजात नव्यानं आलेल्यांचं बहुतेक इथंच बिनसतं. सेन्सर बऱ्याचदा खरं बोलत असतो. काजळीनं बुजलेली नळी, हिरवा पडलेला पिन, फाटलेला इंटरकूलरचा होज, यांची तक्रार तो वर पोचवत असतो. म्हणून खालच्या क्रमात सेन्सर बदलणं जवळजवळ शेवटी येतं.

आधी यंत्रणा थोडक्यात. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला काही भाग थंड करून परत इंजिनात सोडायचा, म्हणजे ईजीआर. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळं सिलिंडरमधलं जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. गाड्यांच्या धुराच्या प्रदूषणाचे नियम म्हणजे बीएस (भारत स्टेज). त्यातलं बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. तेव्हापासूनच्या बऱ्याच डिझेल ट्रकांत हे आहे, पण सगळ्यांत सारखं नाही. अशोक लेलँडच्या बीएस-४ च्या काळातल्या आय-ईजीआर गाड्यांत धूर सिलिंडरच्या आतच मागं घेतला जातो. तिथं बाहेर ईजीआर व्हॉल्व्ह शोधत बसू नका. समोर कोणती गाडी आहे, तिचं इंजिन कोणतं, हे प्लेटवरून बघून मगच पान्याला हात घाला.

बाहेरून जोडलेल्या ईजीआरमध्ये व्हॉल्व्ह, कूलर आणि त्यांच्या नळ्या असतात. ‘ईजीआर सेन्सर’ या एका नावाखाली लोक तीन वेगळ्या वस्तू म्हणतात, घोळ इथूनच सुरू होतो. पहिला व्हॉल्व्ह किती उघडलाय ते सांगणारा पोझिशन सेन्सर. तो बहुधा व्हॉल्व्हच्या अंगातच असतो, सुटा मिळत नाही. दुसरा दोन बारीक नळ्यांचा डिफरन्शियल प्रेशर सेन्सर. धुराच्या वाटेतल्या दोन जागांच्या दाबातला फरक मोजून किती धूर वाहतोय ते तो सांगतो. तिसरा तापमानाचा. शिवाय हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहेच. तो ईजीआरचा भाग नव्हे, पण जिथं तो असतो तिथं ईसीयू धुराचा हिशोब त्याच्यावरूनही करतो. त्यामुळं चोरी त्याची आणि नाव ईजीआरचं असंही होतं.

आपल्याकडं हे लवकर का होतं

ऊस हंगामात निपाणी, संकेश्वर, चिकोडी पट्ट्यातला ट्रक कारखान्याच्या अड्ड्यात गव्हाणीची वाट बघत तासन्‌तास उभा असतो, आणि थोडंथोडं पुढं सरकायचं म्हणून इंजिन चालूच ठेवलं जातं. आयडलवर धूर थंड असतो. काजळी जळून जात नाही, धुरातली वाफ तिच्यात मिसळते आणि डांबरासारखा थर बसतो. फडातले उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळंच. खानापूर आणि चोर्ला घाटाकडं चालणाऱ्या गाड्यांना पावसाळाभर ओल. वर वॉशिंग सेंटरवरचा जोरदार फवारा थेट कपलरवर, म्हणजे वायरींच्या प्लगवर, मारला की उरलंसुरलं काम होतं. गाडी आली की ती कुठल्या धंद्यात चालते हे आधी विचारा. अर्धी दिशा तिथंच मिळते.

पायरी १: ड्रायव्हरचं ऐका, कोड पुसू नका

गाडी चढाला ओढत नाही, रेस दिली की काळा धूर, आयडलला थरथर, अॅव्हरेज पडलं, ही नेहमीची लक्षणं. गोकाक, सौंदत्तीकडचा ड्रायव्हर ‘कप्पु होगे’ म्हणाला तर काळा धूर, ‘बिळि होगे’ म्हणाला तर पांढरा. हा फरक नीट विचारून घ्या, कारण पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होणं ही जोडी सेन्सरची नसून बहुधा कूलरची आहे. तिचं पुढं पायरी ७ मध्ये.

स्कॅनर लावला की सगळे कोड लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमसकट: कोड पडला तेव्हा इंजिनाचे फेरे किती, पाणी किती गरम, लोड किती. हे न लिहिता कोड पुसला तर पुरावाच गेला.

कोडाचा अर्थ असा लावा. पी ०४०१ म्हणजे धूर कमी वाहतोय, पी ०४०२ म्हणजे जास्त. या दोघांत वायरिंगपेक्षा काजळी, नळ्या आणि हवेची गळती आधी बघा. पी ०४०३ व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सर्किटचा. पी ०४०४ म्हणजे व्हॉल्व्हला सांगितलं एक आणि तो उभा भलतीकडंच. पी ०४०५ आणि पी ०४०६ म्हणजे सेन्सरचा सिग्नल अनुक्रमे फार खाली किंवा फार वर. इथं मीटर घेऊन वायरिंगपासून सुरुवात.

मोठ्या गाड्यांत स्कॅनर एसपीएन आणि एफएमआय असे दोन आकडे दाखवतो. एसपीएन जागा सांगतो: २७ व्हॉल्व्हची पोझिशन, ४११ डिफरन्शियल प्रेशर, ४१२ ईजीआरचं तापमान. एफएमआय काय बिघडलं ते सांगतो: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा वायर तुटलेली, ७ म्हणजे यांत्रिक भाग ऐकत नाही. ‘२७ एफएमआय ७’ आणि ‘२७ एफएमआय ४’ या दोन पूर्ण वेगळ्या कामगिऱ्या आहेत. पहिलीत स्पॅनर लागतो, दुसरीत मीटर.

पायरी २: बॅटरी, मग डोळे

गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. ईजीआरच्या नळ्या आणि कूलर थंड होऊ द्या. भाजलं तर कातडी नळीला चिकटून राहते.

चोवीस व्होल्टच्या गाडीत बंद अवस्थेत बॅटऱ्यांवर साधारण २५ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना २७.५ ते २८.५. स्टार्ट मारताना व्होल्टेज फार कोसळत असेल तर ईसीयू भलभलते कोड टाकतो. अशा गाडीत पुढं काहीही तपासलं तरी फुकट. दोन्ही बॅटऱ्यांचे टर्मिनल आणि चासीवरची अर्थ (अर्थिंगची) पट्टी आधी साफ करा.

मग टॉर्च घेऊन नुसतं बघा. व्हॉल्व्हच्या जोडाभोवती काळा फराटा दिसतोय का, म्हणजे पॅकिंग गळतंय. प्रेशर सेन्सरच्या नळ्या कुठं दुमडल्यात का. वायरिंग कुठल्या ब्रॅकेटवर घासतंय का. एअर फिल्टर चोंदलाय का. इंटरकूलरच्या होजवर आणि क्लॅम्पवर साबणाचं पाणी मारा, मदतनिसाला रेस द्यायला सांगा आणि बुडबुडे बघा; तेवढा वेळ पंख्यापासून हात आणि कपडे लांब ठेवा. होज आतल्या अंगाला, खालून फाटलेला असतो, म्हणून बोट फिरवून बघायचं ते इंजिन बंद केल्यावर.

कपलर काढण्याआधी चावी बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. धूर साफ करायला युरिया फवारणाऱ्या बीएस-६ गाड्यांत चावी बंद केल्यावरही युरियाचा पंप नळ्या रिकाम्या करत असतो. तेवढ्यात बॅटरी तोडली की युरिया नळीत राहून त्याचे खडे होतात आणि एकाच्या जागी दोन कामं होतात.

कपलर उघडला की पिनांवर हिरवट भुकटी, आतलं पाणी, मागं सरकलेला पिन बघा. प्रत्येक वायर मागून हलकी ओढून पाहा. आतून तुटलेली असेल तर रबरासारखी ताणते. साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. पेट्रोल मारलं की रबरी सील फुगतं आणि कपलर पुन्हा कधी घट्ट बसत नाही.

पायरी ३: मीटर

एक ताकीद: चोवीस व्होल्टचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरींना लावायचा नाही. त्या वायरी ईसीयूच्या आत पाच व्होल्टवर चालतात. एका ठिणगीत सेन्सरपेक्षा कितीतरी महाग वस्तू जाते. डिजिटल मल्टीमीटरच वापरा. वायरीचं कव्हर टोचू नका, कपलरच्या मागून सीलशेजारून बारीक पिन सरकवा. टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि दिवाळीपर्यंत आतलं तांबं कुजतं.

तीन वायरींचा सेन्सर असेल तर कपलर काढून, चावी चालू, इंजिन बंद:

पहिल्या वायरीवर ५ व्होल्ट. ४.७५ ते ५.२५ चालतं. शून्य आलं तर लगेच वायर तुटली म्हणू नका. हे पाच व्होल्ट बऱ्याच गाड्यांत तीन-चार सेन्सरांना वाटून दिलेले असतात; त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचं जेवण बंद. त्या लायनीवरचे कपलर एकेक काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर पाच व्होल्ट परत आले तो चोर, आणि तो बऱ्याचदा ईजीआरचा नसतोच.

दुसरी वायर अर्थ. पुन्हा कपलर जोडून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून या वायरीपर्यंत मोजा; ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त असेल तर अर्थ कच्चा आहे आणि सेन्सरचा प्रत्येक आकडा तेवढ्यानं वर सरकलेला आहे.

तिसरी सिग्नल. कपलर जोडलेला असताना मागून मोजा. चांगल्या सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ च्या आत राहतो. ०.१ किंवा ४.९ वर ठाण मांडून बसला असेल तर शॉर्ट किंवा तुटलेली वायर.

आता कपलर काढा आणि स्कॅनरवरचा आकडा बघा. ‘फार कमी’चा कोड कपलर काढल्यावर ‘फार जास्त’ झाला, किंवा उलटं झालं, तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही जिवंत आहेत आणि संशय सेन्सरवर येतो. आकडा ढिम्म हलला नाही तर गडबड वायरिंगमध्येच. मग बॅटरी आणि ईसीयूचा कपलर काढून वायरीचा रेझिस्टन्स मोजा: टोकापासून टोकापर्यंत १ ओहमच्या आसपास, चासीशी काहीच जोड नको. मोजताना वायरिंग हलवत राहा. तुटलेला धागा उभ्या गाडीत जुळलेला असतो आणि खड्ड्यात सुटतो.

पायरी ४: डिफरन्शियल प्रेशर सेन्सर

सर्वांत जास्त हकनाक बदलला जाणारा सेन्सर हाच. चावी चालू, इंजिन बंद असताना दोन्ही नळ्यांत सारखाच दाब असतो, म्हणून स्कॅनरवर शून्य किलोपास्कल किंवा त्याच्या अगदी जवळ दिसायला हवं. समजा ३ दिसतंय. सेन्सर फेकू नका. दोन्ही नळ्या सेन्सरवरून उपसा आणि पुन्हा बघा. आकडा शून्यावर आला तर सेन्सर ठणठणीत आहे, नळी बुजून आत दाब अडकला होता. नळ्या काढूनही ३ च राहिलं तर सेन्सर सरकलाय.

साफसफाई नळ्यांची करा. क्लचच्या जुन्या केबलमधला एक तार धागा आतून फिरवला की काळा गाळ निघतो. मग कंप्रेसरची हवा, पण सेन्सरच्या बाजूनं कधीही नाही. सेन्सरच्या तोंडावर हवेचा झोत मारला तर आतला पातळ पडदा फाटतो. सेन्सर हलतोय का बघायचं असेल तर नळीच्या तुकड्यानं २० मिलीची इंजेक्शनची सिरिंज एका तोंडाला जोडा, दट्ट्या अगदी हलका, दोन-तीन मिलीच दाबा. आकडा सरकला आणि सोडल्यावर परत आला तर बस.

जोडताना दोन गोष्टी चुकतात. नळ्यांची अदलाबदल होते, म्हणून काढण्याआधीच एकीला टेप लावा. आणि नळी सेन्सरपासून खाली उतरती ठेवायची, मध्ये पोट पडलं की त्यात धुरातलं पाणी साचतं.

याच वेळी इनटेकचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि बॅरोमीटर (बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा) यांचेही आकडे बघून घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. इथं इंजिन बंद असताना दोन्ही आकडे ९२ ते ९३ किलोपास्कलच्या आसपास आणि एकमेकांशी जुळते हवेत. पुस्तकात १०१ लिहिलंय म्हणून घाबरू नका, ते समुद्रकाठचं. गोव्यात उतरलात की तेच दिसेल. पण बेळगावात उभ्या गाडीत एक सेन्सर ९२ आणि दुसरा १०१ सांगत असेल तर दुसरा खोटारडा आहे.

पायरी ५: तापमानाचा सेन्सर

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी स्टार्ट न मारता चावी चालू करा. ईजीआरचं तापमान, कूलंटचं आणि इनटेक हवेचं, तिन्ही काही अंशांच्या फरकानं जुळायला हवीत. एकटं ईजीआरचं ७० दाखवत असेल तर चूक त्याच्याकडं. गरम इंजिनावर ही तपासणी होत नाही, म्हणून गाडी मालकाला रात्री सोडून जायला सांगा.

सुटा सेन्सर मीटरवर तपासायचा तर आधी जात ओळखा. थर्मिस्टर असेल तर गरम केल्यावर ओहम घटतात. प्लॅटिनमचा असेल तर वाढतात. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचा रेझिस्टन्स खोलीच्या तापमानाला साधारण २२० ओहम भरतो. टोक उकळत्या पाण्यात धरून बदल बघा. बेळगावच्या उंचीवर पाणी शंभरला नाही तर साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं, आकडा तक्त्याशी ताडताना तेवढं धरा.

पायरी ६: व्हॉल्व्ह

स्कॅनरच्या अॅक्च्युएटर टेस्टमध्ये व्हॉल्व्हला ०, २५, ५०, ७५, १०० टक्के सांगत जा आणि प्रत्यक्ष आकडा बघा. दोन-चार टक्क्यांचा फरक चालेल. ५० सांगितल्यावर ३२ वर अडकत असेल, किंवा ० सांगूनही ११ वर राहत असेल, तर आधी काजळी.

काढताना बोल्टांना आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवा. मुंडी तुटली की दिवस गेला. व्हॉल्व्ह निघाला की साफ करण्याआधी आत काय आहे ते उजेडात बघा. कोरडी, बोटाला पावडरसारखी लागणारी काजळी: हवा कमी किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय. तेलकट चिखल: टर्बोचं सील किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल येतंय. आणि काळ्या थरात एखादा भाग धुतल्यासारखा स्वच्छ: तिथं कूलंट पोचतंय. हे न बघता स्प्रे मारला तर व्हॉल्व्ह चकाचक होईल आणि महिन्यानं गाडी परत दारात.

कार्बन क्लीनर फक्त धुराच्या बाजूला, नायलॉनचा ब्रश, दहा मिनिटं भिजू द्या, पुन्हा घासा. मोटर आणि कपलरची बाजू वर धरा म्हणजे द्रव तिकडं उतरणार नाही. स्क्रूड्रायव्हर घालून फ्लॅप जबरदस्तीनं उघडू नका, आतल्या गिअरचे दात मोडतात. गॅसच्या ज्योतीनं जाळायची पद्धतही काही ठिकाणी आहे; त्यानं पोझिशन सेन्सर भाजून निघतो. मॅनिफोल्डच्या तोंडात कापड कोंबा, आणि बसवताना ते काढायला विसरू नका.

पॅकिंग नवीन. आठ मिलिमीटरचे बोल्ट बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटर, पण मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच. आलटून पालटून कसा. मग स्कॅनरवरून व्हॉल्व्हची शून्य स्थिती शिकवा. नवा व्हॉल्व्ह बसवून हे राहिलं की पी ०४०४ पुन्हा येतो आणि दोष नव्या मालाला लागतो.

पायरी ७: कूलर

बाहेर कुठं थेंब नाही आणि पाणी मात्र दर आठवड्याला भरावं लागतंय, तर कूलर. थंड इंजिनावर कूलिंग सिस्टिमला प्रेशर टेस्टरनं साधारण १ बार दाब द्या आणि ईजीआरची नळी सोडून आत टॉर्च मारा. पंधरा मिनिटांत ओल दिसली तर खात्री झाली. असा ट्रक ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणून सोडायचा नाही. रात्रीतून पाणी सिलिंडरमध्ये साठलं तर सकाळच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो.

पत्रा मारून बंद करायचं का?

गिऱ्हाईक हे विचारणारच. ईजीआरच्या वाटेत पत्रा बसवला की धूर वाहत नाही, ईसीयूला ते कळतं, कोड पडतो आणि बीएस-६ गाडीची ताकद कापली जाऊ शकते. शिवाय प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. नाही म्हणून सांगा.

पायरी ८: लोडवर चाचणी

कोड आता पुसा. यार्डात दोन रेस मारून गाडी सोपवू नका. रिकाम्या गाडीत ईजीआरची खरी परीक्षा होत नाही. माल भरलेली गाडी स्कॅनर लावून निपाणीजवळच्या तवंदी घाटावर किंवा बेळगाव बाजूला असाल तर वंटमुरीवर चढवा. शेजारी बसलेल्यानं सांगितलेली आणि प्रत्यक्ष व्हॉल्व्ह पोझिशन, प्रेशरचा फरक आणि बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब), तिन्ही बघत राहायचं. पूर्ण रेसला व्हॉल्व्ह बंदच्या जवळ जातो, सपाटीला हलक्या पायावर उघडतो. हे होत असेल तर काम झालं. कोड न पुसता दुरुस्ती केली असेल तर अनेक गाड्यांत दोष नसलेल्या तीन फेऱ्या (स्टार्ट करून, चालवून, बंद केली की एक फेरी) झाल्यावरच लाइट आपोआप विझतो, हे ड्रायव्हरला सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळीच फोन येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी एकदा बघा आणि जॉब कार्डावर आधीचे कोड, मोजलेले व्होल्ट आणि काढलेल्या काजळीचा प्रकार लिहून ठेवा.